विमानाची सकाळ कुठे झाली?

गेल्या अंकात मी सहज लिहिलं होतं की विमानाच्या उशिराबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा. ३१ वर्षं मुंबईत विमान कंपन्यांच्या ऑपरेशन्समध्ये डिस्पॅचर म्हणून काढली आहेत. कुठलं विमान कुठे अडकलंय आणि त्यामुळे पुढे कोणाचे हाल होणार, हे फळ्यावर मांडायचं काम. पत्रं इतकी आली की संपादकांनी विचारलं, ‘‘ताई, आपले वाचक प्रवास करतात की नुसते थांबतात?’’ निवडक पत्रं घेतली आहेत. नावं दिलेली नाहीत. एका वाचकाने कंपनीच्या मालकालाच शिव्या घातल्या आहेत, त्या मी ठेवून घेतल्या.

प्रश्न : जानेवारीत आम्ही दोघं आणि ७४ वर्षांच्या सासूबाई काशीला जाणार आहोत. मुंबई–दिल्ली सकाळी सहाचं, मग दिल्ली–वाराणसी. मध्ये पावणेदोन तास. दोन वेगळी तिकिटं काढली, स्वस्त पडली. सर्वांत जास्त उशीर होणारे मार्ग कोणते, त्यांची यादी द्याल का? (ठाणे)

यादी देते, पण आधी ते दुसरं तिकीट रद्द केलं तर किती पैसे कापतात ते बघून ठेवा.

हिवाळ्यात दिल्लीला जाणारा आणि दिल्लीहून येणारा प्रत्येक मार्ग माझ्या यादीत पहिला. मग तो मुंबई–दिल्ली असो, पुणे–दिल्ली असो की दिल्ली–पाटणा. तुम्ही नेमका त्यातला सर्वांत नाजूक तुकडा निवडलाय: धुक्याच्या शहरातून धुक्याच्या शहरात, तेही सकाळी.

उत्तरेत पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणारी पावसाळी हवा येते, पाऊस शिंपडून जाते. मागे ओली जमीन, निरभ्र आकाश आणि पडलेला वारा एवढंच उरतं. रात्री जमीन गार पडते आणि पहाटे धुकं खाली बसतं. चारपासून नऊ-दहापर्यंत त्याचा अंमल. आता तुम्ही म्हणाल, दिल्लीत तर मोठी यंत्रणा आहे. आहे, कॅट-थ्री-बी म्हणतात तिला. धावपट्टीवर ५० मीटर दिसत असलं तरी विमान उतरू शकतं. पण विमान तसं सज्ज लागतं, दोन्ही पायलट त्या प्रशिक्षणाचे लागतात आणि एकामागून एक उतरणाऱ्या विमानांत जास्त अंतर ठेवावं लागतं. त्यात भर म्हणजे उडायला साधारण १२५ मीटर दृश्यता लागते. उतरणारे उतरतात, उडणारे उडत नाहीत, उभं राहायच्या जागा भरतात, आणि मग उतरणाऱ्यांनाही जागा राहत नाही. गंगेच्या खोऱ्यातल्या लहान विमानतळांवर तर दिल्लीइतकी यंत्रणाही नाही. आमच्या कंट्रोलरूममध्ये म्हणायचे, दिल्लीचं धुकं दहाला उठतं, पण त्याचे हप्ते रात्री अकरापर्यंत फेडावे लागतात.

हे हप्ते फेडणं म्हणजे काय, ते समजून घ्या, कारण पुढच्या सगळ्या उत्तरांची किल्ली त्यात आहे. विमान मार्गाचं नसतं, दिवसाचं असतं. समजा एक विमान सव्वासहाला दिल्लीहून निघून मुंबईला येतं. मग मुंबई–कोची, कोची–मुंबई, मुंबई–नागपूर, नागपूर–मुंबई. प्रत्येक ठिकाणी मध्ये ३०-३५ मिनिटं, त्यात माणसं उतरायची, झाडलोट, इंधन, सामान, नवी माणसं चढायची. याला आम्ही रोटेशन म्हणायचो. सकाळी दिल्लीत तीन तास गेले, तर ते ३५ मिनिटांच्या फटीत कुठे भरून निघणार? दुपारी चारला नागपूरला लख्ख ऊन असतं आणि फलकावर ‘तीन तास उशिरा’. नागपूरकर काउंटरवरच्या मुलीला विचारतो, ‘‘धुकं कुठे आहे दाखवा.’’ धुकं सकाळी सहाला दिल्लीत होतं.

डीजीसीए, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी यंत्रणा, दर महिन्याला उशिराच्या कारणांचं कोष्टक काढते. हवामान, एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण), तांत्रिक बिघाड असे रकाने असतात, आणि सगळ्यांत मोठा रकाना ‘रिॲक्शनरी’चा असतो. म्हणजे आधीच्या फेरीचा उशीर या फेरीला आला. म्हणून मार्गांची यादी मागणाऱ्याला मी उलट विचारते, तुमच्या विमानाची सकाळ कुठे झाली?

आता तुमचं. मुंबईहून वाराणसीला थेट विमान मिळतं. त्यातलं दुपारी पोचणारं घ्या. दिल्लीमार्गेच जायचं असेल तर एकाच तिकिटावर दोन्ही फेऱ्या घ्या. मग दुसरं विमान चुकलं तर तुम्हाला पुढे पोचवणं कंपनीच्या गळ्यात असतं. वेगळ्या तिकिटावर दुसरी कंपनी म्हणते, तुम्ही आलाच नाहीत. वाचलेले पैसे एका धुक्यात जातात. मी नेहमी सांगते, दिवसाचं पहिलं विमान धरा, कारण ते रात्रीच तिथे येऊन उभं असतं, त्याच्या मागे कोणाचा उशीर नसतो. त्याला मोठा अपवाद एकच: डिसेंबर-जानेवारीतली दिल्ली आणि तिच्या आसपासचा प्रदेश. तिथे सकाळी अकरा ते दुपारी तीनमध्ये उतरणारं बरं. आणि सासूबाईंच्या औषधांची पिशवी हातातल्या सामानात ठेवा, विमानाच्या पोटातल्या सामानात नको.

प्रश्न : मुंबईत ना धुकं ना बर्फ. तरी आमचं विमान वर घिरट्या का घालतं? आता नवी मुंबई सुरू झालीय, ते घेऊ का? (डोंबिवली)

मुंबईत धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे खऱ्या अर्थाने एका वेळी एकच चालते. त्या एका पट्टीवर ११ नोव्हेंबर २०२३ ला, दिवाळीच्या तोंडावर, दिवसात १,०३२ विमानं उतरली-उडाली. दीड मिनिटाला एक, रात्र धरून. घिरट्या आणि उशीर इतके वाढले की २०२४ च्या सुरुवातीला सरकारने गर्दीच्या तासातली संख्या ४६ वरून ४४ वर आणायला सांगितली. दोनच विमानं कमी, पण डिस्पॅचरला दोन म्हणजे खूप.

जून ते सप्टेंबरचं काय सांगू? जोराची सर आली की पायलट समोर पट्टी दिसेना म्हणून पुन्हा वर जातो. एक वर गेला की मागचे सगळे सरकतात. आणि कोणी पट्टीवर घसरलं तर संपलंच. १ जुलै २०१९ च्या रात्री जयपूरहून आलेलं विमान मुख्य धावपट्टी ओलांडून चिखलात रुतलं. ती पट्टी तीन-चार दिवस बंद होती आणि आखूड पट्टीवर, पावसात, सगळा कारभार. माझं घर पार्ल्यात, पश्चिमेकडे उडणारी विमानं आमच्या गच्चीवरून जातात. त्या दिवसांत गच्चीवर इतकी शांतता होती की शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘‘बंद आहे का गं?’’

पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एकेक दिवस दोन्ही पट्ट्या डागडुजीसाठी सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बंद असतात. हे महिनोन्‌महिने आधी जाहीर होतं, विमानं वेळापत्रकातूनच काढलेली असतात. त्याला घाबरू नका. संध्याकाळी पाचनंतर मात्र गर्दी उसळते.

नवी मुंबईतून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडताहेत. डोंबिवलीहून जवळ पडेल, जरूर घ्या. पण समोरचं विमान दिल्लीहूनच येणार असेल तर पनवेलला बसून थांबायचं की अंधेरीला, एवढाच फरक.

प्रश्न : पुण्यात आकाश स्वच्छ, विमान समोर उभं, तरी अर्धा-पाऊण तास हलत नाही. मी कोथरूडला राहते, लोहगावला जायलाच दीड तास लागतो, त्यात हे. (एक आजी)

आजी, लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे. आपण तिथे पाहुणे. धावपट्टी एक, तीही साधारण अडीच किलोमीटरची, आणि टॉवर त्यांचा. सुखोई लढाऊ विमानं सरावाला निघाली की तुमच्या विमानाने थांबायचं. तक्रार करायची सोय नाही, आणि खरं सांगू, मला कधी करावीशीही वाटली नाही. गोव्यात दाबोळीला असंच नौदलाचं. तिथे आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळचे काही तास त्यांच्या सरावाला राखलेले असतात. वेळापत्रकात त्याआधी बसवलेलं विमान जरा लेट झालं की बरोबर त्या बंद वेळेत सापडतं आणि पाऊण तासाचा उशीर चार तासांचा होतो. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून गोव्याला निदान दुसरा पर्याय आहे.

पुण्याचा दुसरा त्रास म्हणजे बहुतेक विमानं बाहेरून येतात आणि लगेच परत जातात. रात्री बारा-एकला निघणारं पुणे–दिल्ली म्हणजे दिवसभराची सगळ्यांची उसनवारी घेऊन आलेलं विमान. नवं टर्मिनल २०२४ मध्ये उघडलं, खुर्च्या चांगल्या आहेत, धावपट्टी तीच. २०२५ मध्ये तर विमानतळाच्या आवारात बिबट्या दिसला होता. माझ्या काळात कुत्री आणि घारी होत्या. बिबट्यासाठी आमच्या फळ्यावर उशिराचा कोड नव्हता.

प्रश्न : दार लावून दोन तास विमानात बसवून ठेवतात. मग आधी चढवतात कशाला? (सांगली)

तुम्ही नंबर धरून बसलेले असता. गर्दीच्या दिवशी प्रत्येक विमानाला उड्डाणाची ठरलेली मिनिटं मिळतात. त्या वेळेला आम्ही सीटॉट म्हणतो. ती वेळ आली आणि तुम्ही अजून गेटवर समोसा खात असलात तर नंबर गेला, पुढचा कदाचित दीड तासाने. म्हणून चढवून, दार लावून, तयार ठेवतात. कधी सीटॉटच पुढे सरकते, मग आत बसणं वाढतं. हे एक कारण. दुसरं कारण कंपन्या मोठ्याने सांगत नाहीत: वेळेवर निघाल्याची नोंद विमान जागेवरून हललं की होते, आणि १५ मिनिटांपर्यंतचा उशीर उशीर धरला जात नाही.

आत फार वेळ अडकवल्यास प्रवाशांना पुन्हा टर्मिनलमध्ये सोडता यावं अशी सोय २०२४ च्या मार्चपासून झाली. त्याच्या दोन महिने आधी गोव्याहून दिल्लीला निघालेलं, जवळजवळ बारा तास रखडून शेवटी मुंबईला वळवलेलं विमान तुम्हाला आठवत असेल. त्याचे प्रवासी उतरून विमानाशेजारी जमिनीवरच जेवायला बसले होते. कंपनीला आणि विमानतळाला दंड झाला. मी तो व्हिडिओ बघितला तेव्हा माझ्या मनात आलं, त्या शिफ्टवर जी मुलगी असेल तिचा डबा सकाळपासून तसाच असणार.

मी स्वतः एकदा सख्ख्या भाच्याच्या मुंजीला दिल्लीला निघाले होते. धुक्यामुळे जयपूरला वळवलं. आधीच वळवलेली डझनभर विमानं तिथे उभी, शिडी मिळेना. चार तास आत. पायलटचे कामाचे तास संपले, दुसरा पायलट दिल्लीत, आणि दिल्लीहून यायला विमान नाही. नोकरीमुळे मला प्रत्येक पायरी आधीच कळत होती, आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. मुहूर्त होऊन भाचा भिक्षावळ घेऊन मोकळा झाला तेव्हा मी जयपूरच्या बसस्टँडवर कचोरी खात होते.

प्रश्न : राहुकाळात निघणारी विमानं उशिरा सुटतात, असा माझा अनुभव आहे. (सोलापूर)

संध्याकाळी सातनंतर निघणारी सुटतात. तो काळ कुठलाही असो.

प्रश्न : मे महिन्यात आठ जण लेहला जातोय. मुंबई–दिल्ली रात्री, दिल्ली–लेह पहाटे. परतीच्या दुसऱ्याच दिवशी मला बँकेत हजर व्हायचंय. (कोल्हापूर)

रात्री दिल्लीत पोचून पहाटेचं लेह, हे छान जमवलंय. लेह उशीर करत नाही, सरळ रद्द करतं. ३,२५६ मीटर उंचीवर, चारी बाजूंनी डोंगर. दुपारी खोऱ्यात वारं सुटतं, म्हणून प्रवासी विमानांची ये-जा मुख्यतः सकाळीच. सकाळची वेळ ढगांनी खाल्ली की ‘दोन तासांनी बघू’ म्हणता येत नाही, उद्याच. गार हवेचंही तिथे अप्रूप असतं. हवा आधीच विरळ, तापली की आणखी विरळ, आणि विमानाला उचलायला कमी पडते. जुलै २०२४ च्या अखेरीस लेहला इतकी गरमी झाली की उन्हापायी विमानं रद्द झाली.

परतीला एक दिवस राखून ठेवा आणि बँकेत सुट्टी एक दिवस जास्त टाका. तो दिवस मोकळा मिळालाच तर बाजारात जर्दाळू घ्या. आणि जाताना पहिले दोन दिवस हॉटेलात पडून राहा. हे विमानाबद्दल नाही, पण आठ जणांत एक तरी पहिल्याच दुपारी खारदुंग-ला या उंच खिंडीकडे निघतो, म्हणून सांगितलं.

प्रश्न : उशीर झाला तर आम्ही नक्की काय मागू शकतो? काउंटरवर कोणी धड बोलत नाही. (नाशिक)

डीजीसीएचा नियम आहे. तो मोबाईलवर जपून ठेवा आणि आवाज न चढवता दाखवा. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तासांहून जास्त उशीर असेल तर खाणंपिणं द्यायला हवं; अडीच ते पाच तासांच्या प्रवासाला तीन तासांनी. तुम्ही मात्र वेळेत चेक-इन केलेलं हवं. देशांतर्गत विमानाला सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं काय ते तुम्ही निवडायचं. रात्री आठ ते पहाटे तीनमध्ये सुटणारं विमान सहा तासांहून जास्त लांबलं, किंवा कुठलंही विमान २४ तासांहून जास्त लांबलं, तर हॉटेल.

नुसत्या उशिरासाठी रोख भरपाई आपल्याकडे नाही. ती विमान रद्द झाल्यावर किंवा तिकीट असून चढू न दिल्यावर, आणि तीही कारण कंपनीच्या हाताबाहेरचं नसेल तर. धुकं हाताबाहेरचं. पण धुक्यात उतरायचं प्रशिक्षण नसलेले पायलट जानेवारीत दिल्लीच्या फेरीवर लावणं हाताबाहेरचं नाही, आणि त्यासाठी कंपन्यांना दंड झालेला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये एका दिवसात हजारावर विमानं रद्द झाली, तेव्हा वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम हे कारण सांगितलं गेलं. आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास होणार, हे कंपन्यांना खूप आधीपासून माहीत होतं. त्याला मी धुकं म्हणणार नाही.

काउंटरवरच्या मुलीवर ओरडू नका. तिला तुमच्याइतकंच माहीत असतं. तिच्याकडून एकच गोष्ट काढून घ्या: ‘‘आमचं विमान आत्ता कुठे आहे?’’

प्रश्न : सूनबाई म्युनिकला असते. मुंबईला येताना पाच तास उशीर झाला. तिथे पैसे मिळतात म्हणे? (चिपळूण)

मिळतात. युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघालेलं कुठल्याही कंपनीचं विमान तीन तासांहून उशिरा पोचलं आणि दोष कंपनीचा असेल, तर ३,५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासाला ६०० युरोपर्यंत. म्युनिक–मुंबई त्यात बसतं. इकडून तिकडे जाताना मात्र ती युरोपीय कंपनीने गेली तरच. तिला अर्ज स्वतः भरायला सांगा. मध्ये दलाल घातला तर तो त्यातला भाग कापून घेतो.

प्रश्न : घरून निघण्याआधीच उशीर कळेल अशी काही युक्ती? (बोरिवली)

कंपनीचा मेसेज येतो, पण तो हळूहळू येतो. आधी वीस मिनिटं, मग पन्नास, मग दोन तास. विमानांचा माग दाखवणारं कुठलंही ॲप घ्या आणि तुमच्या फेरीला कोणतं विमान लावलंय ते बघा. आपल्याकडच्या विमानांच्या नंबराची सुरुवात ‘व्हीटी’ने होते. तो नंबर सापडला की ते विमान सकाळपासून कुठे-कुठे हिंडलं ते दिसतं. ऐन वेळी विमान बदलतातही, म्हणून निघायच्या तीन तास आधी पुन्हा बघा. आणि चेक-इन बंद व्हायच्या आत पोचायचंच, कारण कधी दुसरं विमान लावतात आणि वेळेवर सोडतात.

परवा माझी भाची बंगळूरुला निघाली होती. साडेआठचं विमान, पाच वाजताच बॅग दाराशी. मी ॲप उघडून बघितलं, तर तिचं विमान अजून गुवाहाटीत जमिनीवर होतं. म्हटलं, आणखी तासभर थांब, सातला पोचलीस तरी पुरे, पार्ल्यातच आहेस. कुकर लावला. तिने वरण-भात, लिंबाचं लोणचं आणि वर दोन वाट्या ताक घेतलं. जाताना म्हणाली, ‘‘मावशी, विमान साडेदहाला दाखवताहेत, डबा पण दे.’’